मशेरी सुटली त्या वर्षी

वैशाखात आमच्या मागच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसते. कैऱ्यांचे ढीग, मिठाच्या गोणी, हळद लावून वाळत घातलेल्या फोडी आणि मधल्या चिंचोळ्या वाटेने ये-जा करणाऱ्या आम्ही दोघी जावा. लोणची, आंबोशी, कोकमाचं आगळ, फणसपोळी असा माझा घरगुती उद्योग आहे. रत्नागिरीतले दोन-तीन दुकानदार वर्षानुवर्षं माझा माल घेतात. आमचं गाव जयगडच्या बाजूला. आमचे हे बंदरावर वजनकाट्यावर नोकरीला. थोरल्या जाऊबाई भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात एकट्या राहतात. दीर मुंबईला मुलाकडे असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात. घरं दोन असली तरी मागचं दार आम्हा दोघींचं एकच.

त्या दिवशी मी अडकित्त्यावर कैऱ्या फोडत बसले होते. सकाळपासून डावा जबडा दुखत होता. दाढ असेल म्हणून मी लवंग धरली. मग पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कोणीतरी मुसळ टेकवून उभं राहिल्यासारखं वाटायला लागलं. उन्हाचं पित्त झालं असणार. जाऊबाईंना म्हटलं, "वहिनी, जरा ओव्याचं पाणी द्याल?"

त्यांनी पाणी आणलं, पण भांडं माझ्या हातात दिलं नाही. उलटा हात माझ्या कपाळाला लावला.

"अगो, तू गार पडलीस."

"घाम आलाय वहिनी. उकडतंय किती."

"उकडायला मलापन उकडतंय. माझा घाम गरम हाय. तुझा गार हाय."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि रात्रपाळी करून झोपलेल्या ह्यांना हलवून उठवलं. हे डोळे चोळत म्हणाले, "पित्त असेल वहिनी. जरा वेळ बघू."

"बघायचं नाय. गाडी सांग."

माझे सासरे गेल्यापासून आमच्या घरात इतक्या ठाम आवाजात कोणी बोललं नव्हतं. शेजाऱ्यांची गाडी आली. जाऊबाई हळदीच्या हातांनी, कामाच्या लुगड्यातच माझ्या शेजारी बसल्या आणि रत्नागिरी येईपर्यंत मला धरून होत्या. माझ्या पातळाच्या खांद्यावर त्यांच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले. ते पुढे धुऊनही गेले नाहीत.

हार्ट अटॅक होता. बायकांना तो येतो हेच मला धड माहीत नव्हतं. वाडीत ज्यांना आला ते सगळे पुरुष, आणि प्रत्येक जण छाती धरून पडल्याचंच ऐकलेलं. माझी छाती तर शेवटपर्यंत दुखली नाही. रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, माझी लेक असती तर तिच्याच वयाची. ती ह्यांना म्हणाली, "वेळेत आणलंत म्हणून." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. हे जाऊबाईंकडे बघत राहिले.

घरी सोडताना मला एका दमात सगळं सांगण्यात आलं. मीठ कमी, तेल कमी, खारवलेलं बंद, लोणचं-पापड बंद, रोज चालायचं, गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, तंबाखू-दारू असेल तर सोडायची. मी मान डोलवत होते, पण डोक्यात शिरत काहीच नव्हतं. सगळं संपल्यावर मी विचारलं, "आंबा खाल्ला तर चालेल का?" नर्स तोंडाला हात लावून हसली. तंबाखूचं त्यांनी ह्यांनाच विचारलं होतं. हे म्हणाले, "छे छे, आमच्याकडे बायका तंबाखूला शिवत नाहीत." ते खोटं बोलत नव्हते. मशेरीला आमच्याकडे कोणी तंबाखू म्हणतच नाही. ती आपली दात घासायची.

मशेरी मला जाऊबाईंनीच दिली होती. लग्न होऊन आले तेव्हा माझी दाढ ठणकत होती. नव्या घरात सांगायचं कोणाला? मी मागच्या दारी तोंड फिरवून रडत होते. त्यांनी कमरेची डबी काढली, चिमूटभर काळी पूड माझ्या तळव्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "लाव. बरं वाटंल." बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती, तरी मी जाऊन बसले. तेव्हापासून रोज पहाटे मागच्या पायरीवर आम्ही दोघी. त्या तव्यावर तंबाखू भाजायच्या, चुरून डबीत भरायच्या, आणि डबी दोघींची. खरं सांगायचं तर मशेरीत चव-ढव काही नसते. पण तोंडात मशेरी असली की बाईला कोणी कामाला हाक मारत नाही. तेवढा वेळ आमचा असायचा. माझं पहिलं मूल पोटातच गेलं, ते मी मोठ्याने बोलले ते त्या पायरीवर. दिरांचं मुंबईतच मन रमलंय, ते आता इकडे कायमचे यायचे नाहीत, हे जाऊबाईंनी मला सांगितलं तेही तिथेच, थुंकता थुंकता, दुसरीकडे बघत.

म्हणून दवाखान्यातून आले आणि दुसऱ्या सकाळी पायरीवर जाऊन बसले, त्यात मला काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट घरी आल्यासारखं वाटलं.

ह्यांनी माझ्या दुखण्याचा इतका धसका घेतला की ते माझे चौकीदारच झाले. मिठाची बरणी उचलून कपाटावर ठेवली. मी कळशी उचलली की ओरडायचे. जेवताना माझ्या ताटाकडे डोळे लावून बसायचे आणि स्वतः मात्र भातावर भाजलेला खारा बांगडा घ्यायचे. पहिल्या दिवशी अळणी कुळथाची पिठी पुढे आली तेव्हा मी एक घास घेतला आणि मला रडूच फुटलं. माझ्या हातच्या मिठाचा अंदाज वाडीत वाखाणला जायचा. लग्नकार्यात आमटी उतरवण्याआधी मला चव बघायला बोलवायचे. आता माझ्याच घरात माझ्यापासून मीठ लपवून ठेवलं होतं. हे कामावर गेले की मी स्टूल घेऊन बरणी काढायची आणि चिमूट मीठ जिभेवर ठेवायची, लहान मूल साखर खातं तशी.

भेटायला येणारे रिकाम्या हाताने येत नसत. आजारी माणसाकडे फरसाण, बिस्किटं, कोणी लाडू. प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी असा होता ज्याने सगळं पथ्य केलं तरी गेला, आणि कोणीतरी असा की ज्याने काही पाळलं नाही आणि नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिला. ते ऐकून मला बरं वाटायचं.

चालण्याची गोष्ट आणखी वेगळी. मुख्य रस्त्यावर बंदराचे ट्रक. म्हणून मी घाटी चढून सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, जायचं ठरवलं. तिथे सपाट आहे. पण वाडीतून निघाले की प्रत्येक दारातून विचारणा.

"कुठे चाललीस गो?"

"कुठे नाही, अशीच."

"अशीच म्हणजे?"

पुरुष काम नसताना फिरतो, तिठ्यावर उभा राहतो, त्याला कोणी काही विचारत नाही. बाई रस्त्याने निघाली म्हणजे तिला कुठेतरी पोचायचं असलं पाहिजे. दोन दिवस उत्तरं दिली, तिसऱ्या दिवशी गेलेच नाही. शिवाय एक भीती होती, ती मी कोणाला सांगितली नव्हती. सड्यावरच्या वळणापलीकडे मोबाइलला रेंज नसते. तिथे काही झालं तर? पाठ टेकली की मला माझंच काळीज ऐकू यायचं. एखादा ठोका वेगळा पडला की मी उठून बसायची.

चालणं बंद झालेलं जाऊबाईंच्या लक्षात आलं. सकाळी पायरीवर त्यांनी कारण विचारलं. मी लोकांच्या प्रश्नांचं सांगितलं.

"मग पिशवी घे की हातात," त्या म्हणाल्या. "पिशवी असली की कोण विचारत नाय."

मी कापडी पिशवी घेऊन निघाले. खरंच कोणी विचारलं नाही. फार तर "काय आणायला?" म्हणायचे आणि मी मान हलवून पुढे जायची. रिकामी पिशवी घेऊन मी महिनाभर सड्यावर हिंडले. वळणापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. मग मधुमेह झालेली एक शेजारीण, आमच्या वाडीतलीच, एक दिवस घाटीच्या तोंडाशी पिशवी घेऊन उभी दिसली. मी विचारलं, "काय आणायला?" ती म्हणाली, "तू जे आणतेस तेच." त्या दिवशी आम्ही वळणापलीकडे गेलो. पावसाने सडा हिरवा झाला होता, जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचलं होतं, त्याच्या कडेने इवली निळी फुलं. इतकी वर्षं ह्या गावात राहून मी तिथे कधी उभी राहिले नव्हते.

सगळं बरं चाललंय असं वाटलं, आणि तिथेच घसरले. गणपती आले. मुंबईहून दीर, त्यांची मुलं, सुना, नातवंडं. माझा मुलगाही पुण्याहून आला. आदल्या दिवशी हरतालिका. लग्न झाल्यापासून मी ती निर्जळी करत आले होते. पाणी प्यायचं नाही म्हणजे गोळी कशी घेणार? एक दिवसाने काय होतंय, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मोदक, नैवेद्य, पंगती. गोळ्यांचा डबा कुठल्यातरी पाहुण्यांच्या पिशव्यांखाली गेला. मग गौरी आल्या. मागच्या दारी आमच्या घरच्या आणि शेजारच्या बायका गोळा झाल्या, जाऊबाईंची डबी हातोहात फिरली, दिवसातून किती वेळा ते कोण मोजतंय. गौरीच्या दुसऱ्या दिवशी तिखटाचं, म्हणजे मटणाचं जेवण. मी खाल्लं, सगळ्यांनी वाढलं म्हणून आणि आवडतं म्हणूनही. आजारी माणसासारखं वेगळं ताट घेऊन बसायचा मला कंटाळा आला होता. तेवढे दिवस मी घरातली मोठी बाई होते, पेशंट नव्हते, आणि ते मला फार गोड वाटलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या पायांवर सूज आली. आडवं झालं की दम लागायचा. ह्यांनी गाडी सांगितली आणि जाऊबाई न विचारता मागे येऊन बसल्या.

तीच डॉक्टर होती. तपासलं, इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत श्वास मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी घरी सोडण्याआधी तिने आम्हाला आत बोलावलं. आता बोलणी खायची, ह्या तयारीने मी बसले. ह्यांनी आधीच सुरुवात केली, "डॉक्टर, ही ऐकतच नाही. मी किती सांगायचं?"

तिने ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, तुम्ही काय जेवता?"

"मी? मी आपलं नेहमीचं."

"म्हणजे ह्यांच्यासाठी वेगळं, तुमच्यासाठी वेगळं?"

 मग ती खुर्ची थोडी पुढे घेऊन माझ्याकडे वळली. "मला सांगा, सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता? सगळं सांगा. मला घाई नाही."

बाहेर पेशंटची रांग होती. तिला घाई नसणार कशी? पण ती थांबली. मी सांगत गेले. उठते, चूल पेटवते, पाणी ठेवते, मग मागच्या पायरीवर जाऊबाई आणि मी मशेरी लावतो...

"मशेरी लावता?"

"लग्न झाल्यापासून."

हे मध्येच म्हणाले, "ती काही तंबाखू नव्हे, डॉक्टर. दात घासायला."

ती हसली नाही. "काका, ती भाजलेली तंबाखूच असते. हिरड्यांतून रक्तात जाते आणि रक्तातून हृदयापर्यंत. विडी ओढणाऱ्याला आपण विडी सोडायला सांगतो, तसंच हे." मग मला विचारलं, "तुमच्या जाऊबाई कुठे असतात?"

"बाहेर बाकावर बसल्यात."

"बोलवा त्यांना."

जाऊबाई डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. डॉक्टर म्हणाली, "बसा मावशी. मशेरी कोण भाजतं?"

"मीच," जाऊबाई म्हणाल्या. आवाजात जरा अभिमानच होता. "हिला नाय जमत. ही करपवते."

मग डॉक्टरने त्यांना समजावून सांगितलं, हळू, सोप्या शब्दांत. शेवटी म्हणाली, "ह्यांना एकटीला सोडायला सांगितलं तर सुटणार नाही. रोज शेजारी बसून तुम्ही लावणार आणि ह्या नुसत्या बघणार, असं कसं जमेल? तुम्ही मनावर घेतलंत तरच होईल." बोलता बोलता तिने जाऊबाईंच्या दंडाला पट्टा बांधून त्यांचाही दाब बघितला. तो बराच वर होता. त्यांच्यासाठीही गोळी लिहून दिली.

परत येताना जाऊबाई खिडकीबाहेर बघत होत्या. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे मी तुला मारत होते, इतकी वर्सं."

"तसं नाही म्हणाल्या त्या, वहिनी."

"तसंच हाय ते."

दुसऱ्या सकाळी मी पायरीवर गेले. जाऊबाई आल्या नाहीत. त्यांच्या बाजूने चुलीचा धूर येत होता, भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे उठलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तसंच, चौथ्या दिवशी तसंच. दिवसा समोर आल्या की कामापुरतं बोलायच्या. डबी त्यांच्याकडे, त्यामुळे माझी मशेरी आपोआप बंद झाली. डोकं ठणकायला लागलं, पोट साफ होईना. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही असं सगळ्या बायका म्हणतात, तेव्हा मला ते अगदी पटलं. ह्यांच्यावर मी भांडं आपटलं. पण खरा त्रास त्या रिकाम्या पायरीचा होता. तोंडात काही नसलं तरी चाललं असतं, शेजारी कोणी नाही ते सोसवेना. एका सकाळी मनात आलं की दुकानातून तंबाखू आणावी, स्वतःच भाजावी, करपली तर करपली. पिशवी हातात घेतलीही. मग पाठीत टेकलेलं ते मुसळ आठवलं आणि पिशवी खुंटीला परत लावली.

त्याच दिवसांत ह्यांनी एक केलं. कपाटावरची मिठाची बरणी खाली काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "तूच सांभाळ. चौकीदारी करून मी दमलो. आणि मला वेगळं काही करू नको. तुझ्याच भांड्यातलं वाढ मला." दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यात अळणी भाजी आणि भाकरी नेली. संध्याकाळी डबा रिकामा आला. मी विचारलं, "कशी होती?" म्हणाले, "वाईट होती. पण खाल्ली." त्यांच्या चौकीदारीने जे झालं नव्हतं ते ह्या एका वाक्याने झालं. त्या दिवसानंतर मी स्टूलावर चढले नाही. आमटीत चिंच-कोकम वाढवलं, लसूण ठेचून घालायला लागले, ओलं खोबरं कमी केलं. महिन्या-दीड महिन्याने एकदा हे म्हणाले, "आज बरी झालीये." मला वाटलं, दिवाळीच आली.

आणि मग एक दिवस पहाटे मागच्या दाराची कडी वाजली. मी पायरीवर आले तर जाऊबाई बसलेल्या. कमरेची डबी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतला.

"उघडून बघ आधी."

आत भाजलेली बडीशेप आणि तीळ होते. खमंग वास आला.

"तवा घासून घासून बोटं सोलली माझी," त्या म्हणाल्या. "त्याचा वास जात नव्हता. तवा तोच हाय, भाजणारी तीच हाय. घे आता."

मी चिमूट तोंडात टाकली.  चावून झाल्यावर म्हटलं, "वहिनी, तुम्ही रागावला होतात ना माझ्यावर?"

"राग आलेला. खोटं कशाला बोलू? त्या पोरीचा आला, तुझा आला, माझा आला." त्यांनी बडीशेप चावली. "पन राग एक-दोन दिवसच व्हता. मग म्हटलं, आधी आपल्याला सुटते का बघू. मलाच नाय जमलं तर तुला काय तोंड दाखवू? म्हणून नाय आले."

म्हणजे भिंतीच्या पलीकडे त्यांचंही डोकं ठणकत होतं. त्यांनाही पोटाचा त्रास होत होता. मी इकडे एकटी आहे म्हणून रडत होते, तेव्हा त्या पलीकडे एकटीने तेच सोसत होत्या, आणि त्यांना तर आवरून धरायला अटॅकची भीतीही नव्हती. माझ्यासाठी कोणी उपास केले आहेत, नवस बोलले आहेत. पण अशी गोष्ट माझ्यासाठी त्याआधी कोणी केली नव्हती. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला आणि मग म्हणाल्या, "चल, चुलीवर पाणी हाय."

सगळं एकदम सुटलं असं नाही. शिमग्याला पालखी घरी आली तेव्हा माहेरवाशिणी जमल्या आणि त्यांच्यातल्या एकीने जाऊबाईंना डबी दिली. दुसऱ्या दिवशी त्या पायरीवर आल्या त्या मान खाली घालूनच.

"काल लावली मी."

"किती वेळा?"

"दोनदा. नाय, तीनदा."

मला हसू आलं, मग त्यांनाही आलं. पुढच्या तपासणीला मी ते डॉक्टरला सांगितलं, जरा घाबरतच. ती म्हणाली, "घसरलं तर घसरलं. दुसऱ्या दिवशी परत पायरीवर आल्या ना?" तिचं हे बोलणं जाऊबाईंना मी जसंच्या तसं सांगितलं. तेव्हापासून त्या तिला 'आपली डॉक्टरीण' म्हणतात. हरतालिकेचा प्रश्नही तिनेच सोडवला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "गोळी पाण्याबरोबर घ्या. देवी समजून घेईल. मी नाही घेणार समजून."

पुढच्या वैशाखात माझ्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. वर्षभर अळणी खाऊन माझी जीभ बदलली होती. लोणच्याचा पहिला घाणा मी घातला, चव घेतली, मला ते खारट लागलं म्हणून पुढचं मीठ आवरतं घेतलं. जाऊबाईंनी बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "हे आषाढात बुरशी धरंल गो." म्हणजे ज्या जिभेवर माझा सगळा उद्योग उभा होता, ती गेली. मी पाटावर बसूनच राहिले. त्या म्हणाल्या, "तू फोडी कर, मसाला कर. मीठ मी सांगते." मला त्यांच्या दाबाची काळजी. तर म्हणाल्या, "गिळायचं कशाला? चाखायचं आणि थुंकायचं. थुंकायची सवय इतक्या वर्सांची हाय, तेवढी तरी कामाला येऊ दे." त्या वर्षापासून लोणच्याला मीठ त्यांच्या जिभेने पडतं. दुकानदारांना काही फरक कळला नाही. एक जण तर म्हणाला, "यंदा चव जमलीये." मी जाऊबाईंना सांगितलं, त्या दिवसभर खूश होत्या.

आता मी बरी आहे. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाली, हृदयाचं काम पुष्कळ सुधारलंय. सकाळी सड्यावर आम्ही पाच-सहा जणी असतो आणि कोणाच्या हातात पिशवी नसते. मशेरीची आठवण अजून येते. कुणाच्या घरी तंबाखू भाजत असली की तो वास नाकात जातो आणि पाय आपोआप संथ होतात. मग शेजारीण कोपराने ढोसते आणि आम्ही पुढे जातो. मला लोक म्हणतात, तू मनाची घट्ट म्हणून जमलं. मी मनाची घट्ट नाही. मी चिमूटभर मिठासाठी स्टूलावर चढणारी बाई आहे. माझ्या बाजूने एवढी माणसं उभी राहिली म्हणून जमलं. रांग बाहेर ठेवून माझी सकाळ ऐकून घेणारी ती मुलगी. वाईट भाजी खाऊन रिकामा डबा आणणारे हे. आणि आमच्या जाऊबाई, ज्यांच्यासाठी मला अजून नेमका शब्द सापडलेला नाही.

गेल्या महिन्यात त्या मुंबईला गेल्या. सुनेला दुसरं मूल झालं. जाताना डबी भरून माझ्याकडे ठेवून गेल्या. पहिल्या सकाळी मी पायरीवर बसले तर मागे पावलं वाजली. हे, सुट्टीच्या दिवशी कधी उगवता सूर्य न बघणारे, अंगावर टॉवेल घेऊन आले आणि जाऊबाईंच्या जागी बसले.

"काय बोलता गो तुम्ही दोघी इथे रोज?"

"काही नाही. आपलं असंच."

त्यांनी हात पुढे केला. मी तळव्यावर बडीशेप दिली. ते चावत बसले. नारळीवर खार चढत होती, तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी वहिनींनी मला उठवलं नसतं तर..."

"उठवलं ना पण," मी म्हटलं.

 तेवढ्यात चुलीवरची पेज उतू जायला लागली. ते मला 'तू बस' म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी ती उतरवली.